वाल्मिकचे कान

सुरतेच्या लिंबायतमध्ये एखाद्याच्या एम्ब्रॉयडरी मशीनचा पॅनल गुणगुणायला लागला की मालक आधी कंपनीच्या माणसाला फोन करतो. तो ‘परवा येतो’ म्हणाला की त्याच्या नावाने बोटं मोडतो. मग पॅनलमधला पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, काढून, साडीच्या पिशवीत गुंडाळून वाल्मिककडे घेऊन येतो. वाल्मिकचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. पण आत बसलेल्या माणसाचा रुबाब थेट मोठ्या डॉक्टरचा.

वाल्मिक सप्लाय लगेच उघडत नाही. आधी त्याला वीज देतो, पुढे एक बल्ब जोडतो आणि ऐकतो. त्यासाठी त्याच्याकडे लूमवरची एक जुनी कांडी आहे, म्हणजे आडवा धागा गुंडाळायची लाकडी पोकळ नळी. तिच्या कड्या त्याने केव्हाच काढून टाकल्यात. एक टोक सप्लायजवळ, दुसरं कानाला. घूं घूं असा जाड आवाज आला तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सैल झाल्यात. टिक, थांब, टिक, थांब, असं चाललं असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. सप्लाय उठायला बघतो, पडतो, परत उठायला बघतो. आवाज नक्की कुठून येतो ते ठरवायला तो सुकं लाकूड एकेका भागावर हलकेच दाबतो. ज्याच्यावर दाबल्यावर आवाज बदलला, तो चोर. मग जाड वॉर्निश, नाहीतर नवा भाग, आणि ‘घेऊन जा, आता बोलणार नाही’.

हे सगळं तो डोळे मिटून करतो. डोळे मिटायची काही गरज नसते, पण गिऱ्हाइकावर छाप पडते. ‘माणूस खोटं बोलेल, सप्लाय नाही बोलणार,’ असं तो ज्याला त्याला ऐकवतो. त्याची बायको जयश्री दुपारी दुकानात डबा घेऊन येते आणि तिथेच बसून ब्लाउज शिवते. ती म्हणते, सप्लायचं एकदा सांगितलेलं ऐकतात, मला मात्र तीनदा सांगावं लागतं. यावर गिऱ्हाईक हसतं, वाल्मिकही हसतो, आणि विषय तिथेच संपतो.

हा गडी अमळनेरकडचा. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि उधन्याच्या एका खात्यात लागला. खातं म्हणजे लूमचा कारखाना. एका छपराखाली इतके लूम धडधडत की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. त्यामुळे खात्यातली माणसं हातांनी आणि ओठांनी बोलत. चहा हवा, धागा तुटला, मालक आला, सगळ्याला खुणा होत्या. त्याला तिथे चिकटवलं ते गावाकडच्या सुकदेवभाऊंनी. लूम चालवता चालवता वाल्मिक बंद पडलेल्या मोटारींत आणि पॅनलमध्ये नाक खुपसायला लागला, आणि दहा-बारा वर्षांनी लूम सोडून जिन्याखाली येऊन बसला. सुकदेवभाऊ मात्र लूमवरच राहिले. त्यांची बायको धुरपदाबाई त्याच खात्यात कांड्या भरायच्या. मुलगा प्रवीण दहावीला अडकल्यावर तोही लूमवर उभा राहिला.

एका बुधवारी हेच सुकदेवभाऊ दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. हातात पिशवी नव्हती आणि चेहरा उतरलेला होता.

“वाल्मिक, घर येशी का जरा?”

“काय झायं, भाऊ?”

“प्रवीणनी बायकोले घरमा शिट्टी आयकू येस. बारीक. आम्हले कोनलेच येत नही.”

वाल्मिकने त्यांना स्टूल दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. अश्विनी साक्रीकडची, लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते, म्हणजे दिवसभर सुकदेवभाऊंच्या भेस्तानमधल्या दोन खोल्यांत एकटी. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा घरच्यांनी हसण्यावारी नेलं. मग ती म्हणाली, आवाज देव्हाऱ्याकडून येतो. मग म्हणाली, प्रवीण संध्याकाळी घरी आला की थोड्या वेळात बंद होतो. इथपर्यंत आल्यावर कुणाला हसू येईना. शेजारणीने डोळे मोठे केले. धुरपदाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. डॉक्टरने कानात बॅटरी मारून कान साफ असल्याचं सांगितलं. पोरगी डोकं धरून गॅलरीत बसायला लागली, आणि एके दिवशी प्रवीणला म्हणाली, आपण दुसरी खोली बघू या का?

झालं. वेगळं निघायचं म्हणून सोंग करते, असं धुरपदाबाईंनी पक्कं केलं. सोंग नसेल तर बाहेरचं काहीतरी आहे, असं शेजारणीने पक्कं केलं. दोन्हींवर उपाय एकच निघाला. तिच्या भावाला, गोपालला, फोन गेला: रविवारी या आणि बहिणीला घेऊन जा, बरी झाली की बघू. अशा ‘बघू’वर माहेरी गेलेल्या पोरींचं पुढे काय होतं ते भेस्तानपासून साक्रीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सुकदेवभाऊंना ते गोड वाटत नव्हतं.

“तुना कान पक्का शे,” ते म्हणाले. “तू एकदाव ये, आयक, आनि सांग. शे का नही.”

वाल्मिक दुसऱ्याच दिवशी दुपारी कांडी घेऊन गेला. घरात अश्विनी आणि त्या दिवशी खाडा करून थांबलेल्या धुरपदाबाई होत्या. टीव्ही इतका मोठा लावलेला होता की वाल्मिकने खुणेनेच तो बंद करायला सांगितला. मग त्याने ट्यूबलाइटच्या पट्टीला कांडी लावली, टीव्हीच्या डब्याला लावली, फ्रिजच्या पाठीला लावली, पंख्याच्या रेग्युलेटरला लावली. देव्हाऱ्यापाशी गेला तेव्हा चप्पल तर बाहेरच होती, त्याने हात जोडले, आणि कांडी खिशात ठेवून नुसता कान दिला. देवाच्या अंगावर लूमची कांडी कशी रोखणार? अश्विनी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. “काका, आते चालू शे,” ती म्हणाली. “आते बी.”

वाल्मिकला काहीही ऐकू आलं नाही. काहीही म्हणजे काहीही. घर अगदी शांत होतं.

“नही, बेटा,” तो म्हणाला. “काहीच नही.”

पोरगी वाद घालायला आली नाही. तिने मान खाली घातली आणि साडी पुढ्यात ओढली. धुरपदाबाईंनी चहा केला, त्यात साखर जास्त पडली होती. आपलं खरं ठरल्याचा आनंद बाईंच्या तोंडावर नव्हता, एवढं वाल्मिकने पाहिलं. तो स्कूटर काढून निघाला, पण उधन्याच्या फाटकापर्यंत येईतो त्याच्या डोक्यात भुंगा शिरला होता.

सोंग करणाऱ्याला वेळापत्रक कशाला लागतं? तिने रात्रंदिवस आवाज येतो म्हटलं असतं तरी कोण तिचं काय करणार होतं? पण ही म्हणते, नवरा आला की थोड्या वेळाने बंद. नवरा आल्या-आल्या नाही, थोड्या वेळाने. वाल्मिकच्या आयुष्यात असं फक्त गिऱ्हाइकं बोलत. मशीन चालू असलं की बरोबर, थांबलं की सप्लाय किरकिरतो. त्याला भूत म्हणत नाहीत, त्याला लोड म्हणतात, म्हणजे सप्लायच्या पुढ्यात असलेलं काम.

प्रवीण घरी येऊन काय करतो? हात-पाय धुतो, चहा पितो. त्याआधी? वाल्मिकने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिथूनच त्याला फोन लावला. खात्याच्या धडधडीत काही कळेना, तेव्हा प्रवीण बाहेर आला.

“घर येस तव्हय सगळासमा पहिले काय करस तू?”

“काय करू, काका? फोन चार्जिंगले लावस. बॅटरी तर पूरी जायेल ऱ्हास.”

“चार्जर कोठे शे?”

“देव्हाराना वरे. बोर्डमाज ऱ्हास. देवना दिवा बी त्याच बटनवर शे ना, ते बटन आई कोनले बंद करू देत नही.”

वाल्मिकने कपाळाला हात लावला. देव्हाऱ्यावरचा तो पांढरा ठोकळा त्याने पाहिला होता. त्याच्यासमोर त्याने हातही जोडले होते.

चार्जर हाही पॉवर सप्लायच, पिटुकला एवढाच फरक. त्याला काम असलं की तो आतल्या गुंडाळीला सेकंदाला इतके झटके देतो की माणसाच्या कानाला त्यांचा पत्ताच लागत नाही. पण पुढे फोन नसला की त्याला काम नसतं. मग तो पूर्ण झोपतही नाही. बाळ झोपल्यावर आई जशी मधूनच पाळण्याची दोरी ओढते, तसा तो थांबून थांबून एकेक झटका देतो. ते झटके सावकाश झाले की कानाच्या टप्प्यात येतात. आत गुंडाळी सैल असली, वॉर्निश मारलेलं नसलं, की ती थरथरते आणि शिट्टी वाजते. स्वस्तातल्या मालात हे हमखास. एवढं सगळं त्याला माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं. मग आपल्याला ऐकू का आलं नाही? फार तर कांडी लावली नाही म्हणून, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुकानात आल्या-आल्या त्याने भंगारातले तीन-चार स्वस्त चार्जर काढले आणि रिकामेच बोर्डात खोचले. कांडी लावून एकेकाला ऐकलं. सगळे मुके. त्याने डोळे मिटले, या वेळी खरोखर गरज म्हणून. तरी मुके. जयश्री ब्लाउजला हुक लावत बसली होती.

“जयश्री, जरा इकडे ये. यातला एखादा आवाज करतो का?”

“एखादा?” जयश्री जागची न हलता म्हणाली. “तो काळा सोडून सगळे करतायत. डोकं उठलंय माझं.”

वाल्मिकने त्यातला एक पांढरा चार्जर बोर्डातून काढला. “आता?”

“आता जरा कमी.”

“हे... असं तुला नेहमी ऐकू येतं?”

“अहो, तुमच्या टेबलावर काही ना काही रोजच किणकिणत असतं. मला वाटलं, तुमचा धंदाच आहे तो, तुम्हाला ठाऊकच असणार.” मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने हुक बाजूला ठेवला. “तुम्हाला ऐकू येत नाही?”

वाल्मिकने हातातला चार्जर टेबलावर ठेवला. जयश्री शिवणकाम करणाऱ्या घरातली, तिने लूमचं खातं आतून कधी पाहिलंही नव्हतं. आणि त्याची कोवळी वर्षं त्या धडधडीत गेली होती. घूं घूं ऐकू येत होतं, टिकटिक ऐकू येत होती, त्या बळावर तो स्वतःला पक्क्या कानाचा समजत होता. वरचे, बारीक आवाज कधी गळून पडले ते त्याला कळलंही नव्हतं. जे ऐकूच येत नाही ते गेलं, हे कळणार तरी कसं? त्याला लाज वाटली, थोडी भीतीही वाटली. गेल्या काही वर्षांत ‘काही नाही, घेऊन जा’ म्हणून त्याने किती जणांना परत पाठवलं असेल? आणि मग, लाज आणि भीती बाजूला सारून, भेस्तानच्या दारात उभी असलेली ती पोरगी समोर आली. सुकदेवभाऊ लूमवर, धुरपदाबाई कांड्यांवर, प्रवीण लूमवर. त्या घरात धड कान एकच होता, आणि बाकीच्या सगळ्यांनी मिळून त्यालाच खोटं ठरवलं होतं. निकाल द्यायला पाचवा बोलावला, तोही खात्यातलाच.

शनिवारी दिवस कलायच्या सुमाराला तो परत गेला. सगळे घरी होते. अश्विनीची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती. वाल्मिकने पाणीही न घेता धुरपदाबाईंना विचारलं, “वयनी, देव्हाराना बोर्डले हात लावू का?”

बाई म्हणाल्या, “लाव. पन बटन बंद करू नको.”

त्याने अश्विनीला गॅलरीत, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. “शिट्टी आयकू उनी का हात वर कर. गयी का खाले.” खात्यात धागा तुटला की असाच हात वर जायचा, त्यामुळे घरात कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रवीणचा फोन चार्जरला लावलेला होता. वाल्मिकने तो अलगद काढला. अश्विनीचा हात वर गेला. त्याने फोन लावला. थोड्या वेळाने हात खाली आला. काढला, वर. लावला, खाली. घरात कुणालाही काडीचं काही ऐकू येत नव्हतं, आणि समोर तो हात वर-खाली होत होता.

“अंदाज करस ती,” सुकदेवभाऊ म्हणाले, पण त्यांचा आवाज हलला होता.

धुरपदाबाई पुढे झाल्या. त्यांनी वाल्मिकच्या हातातून फोन घेतला. सासूच ती, सहजासहजी थोडीच मानणार होती. त्यांनी पिन चार्जरजवळ नेली, मुद्दाम बांगड्या वाजवल्या, पण पिन आत घातली नाही. हात वरच राहिला. त्यांनी वाट पाहिली. हात अवघडून थरथरायला लागला, पण खाली आला नाही. मग त्यांनी श्वास रोखून, बांगड्या दुसऱ्या हाताने दाबून धरून पिन आत सरकवली. हात खाली आला. बाईंनी परत काढली, परत लावली. आधी त्या सुनेला पकडायला बघत होत्या. नंतर नंतर त्या नुसत्याच बघत होत्या, लहान मूल बटण दाबून दिवा लावतं तशा, पुन्हा पुन्हा.

शेवटी त्यांनी फोन देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि खाली बसल्या.

“मालेबी येत नही, वयनी,” वाल्मिक म्हणाला. हे वाक्य तो वाटेत घोकत आला होता, तरी ते जड गेलं. “परवा मी आठे उभा राहीसन सांगं, काही नही. ते खोटं व्हतं. मना कान गयात. खात्यानी खादात. तुमना बी गयात, भाऊना बी, या पोरना बी जाई राह्यनात. या घरमा जिले आयकू येस, तिलेच तुम्ही माहेर धाडी राह्यनात.”

प्रवीण उठला, त्याने आईकडे एकदा पाहिलं आणि बोर्डातून चार्जर उपटून काढला. दिवा आपल्या जागी जळत राहिला. गॅलरीत अश्विनी भिंतीला डोकं टेकवून रडत होती. रडतानाही ती आवाज करत नव्हती, आणि केला असता तरी या लोकांना तो कितपत ऐकू गेला असता, कोण जाणे.

“गोपालले फोन लाव,” धुरपदाबाई मुलाला म्हणाल्या. “सांग, उद्या जेवाले ये. बहीनले लेवाले नही.”

मग त्या उठल्या आणि गॅलरीत जाऊन सुनेशेजारी बसल्या. माफी मागायची रीत त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी पोरीची पाठ दोनदा थोपटली. वाल्मिक आणि सुकदेवभाऊ दारात उभे होते.

“पोरी,” बाई म्हणाल्या, “आखो काय काय आयकू येस तुले? जे आमले येत नही?”

अश्विनीने डोळे पुसले. आता काय सांगावं आणि काय नाही, असं तिला झालं.

“सांग ना. मी रागावत नही.”

“आते?” तिने कान दिला. अंधारायला लागलं होतं. “आते रातकिडा वरडी राह्यनात. मांगे, गटारकडे.”

“रातकिडा? आठे? सुरतमा?”

“हां, आई. रोजच ऱ्हातस.”

सुकदेवभाऊंनी वाल्मिककडे पाहिलं. वाल्मिकने मान पुढे काढून ऐकलं. खालून रिक्षा गेली, कुठेतरी कुकर वाजला. त्यापलीकडे काही नव्हतं. सुरतेत रातकिडे नसतात, हे त्यानेही इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. ते गावाकडचं, गावाकडेच राहिलं, असं.

“औंदा मी गावले गयथू,” धुरपदाबाई म्हणाल्या, कुणाकडे न बघता. “रातले खाटवर पडनू, सगळं चूप. मी मना भाऊले सांगं, तुम्ही फवारा मारी मारी रातकिडा बी मारी टाकात. तो मनाकडे देखतच राह्यना. बिचारा.”

मग बाईंनी आपला कान अश्विनीच्या तोंडाजवळ नेला.

“कसा वरडतस, करी दखाड.”

अश्विनी आधी लाजली. मग सासूच्या कानाशी ओठ नेऊन, जाड आवाजात, हळू हळू, एखाद्याला पाढा शिकवावा तसं तिने करून दाखवलं, किर्र, किर्र, किर्र.

“हां,” धुरपदाबाई म्हणाल्या. “असाच.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि कान तिथेच ठेवून म्हणाल्या, “आखो एकदाव.”